भिंतीतली चूल

टक् असा आवाज आला तेव्हा मी शिडीवर होतो आणि पहिला संशय मला माझ्याच वेल्डिंगचा आला. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, जिने, शटर, पत्र्याच्या शेड, काय म्हणाल ते. माणसाने आधी स्वतःचं काम तपासावं, मग दुसऱ्याच्या नावाने बोंबलावं. मी सांधे पाहिले. सगळे शाबूत. मग खाली पाहिलं, तर चकचकीत फरशीवर नखाएवढी लाल खपली पडली होती आणि रंजिता तिच्याकडे बघत उभी होती. वाटेत साप दिसल्यावर माणूस उभा राहतो ना, तशी.

वर भिंतीवर रंजिताचं गाव टांगलेलं होतं. तळहातावर मावतील अशी भाजक्या मातीची शेकडो घरं, बैठी, दुमजली, एकमेकांना खेटलेली, कुणाचं तोंड इकडे तर कुणाचं तिकडे, माझ्या सळ्यांच्या चौकटीला तारेने बांधलेली. भिंत दोन मजले उंच. पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला नवा टॉवर उभा राहिलाय, त्याची ही लॉबी. भिंतीच्या बरोबर खाली सोफे यायचे होते, लिफ्टची वाट बघणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पोराबाळांसाठी. अक्षय्य तृतीयेला घरांच्या चाव्या वाटायच्या आणि त्याच दिवशी भिंतीचं उद्घाटन. अक्षय्य तृतीया आठवड्यावर आली होती.

रंजिताने खपली उचलली, उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. आतल्या बाजूला तिळाएवढा पांढरा ठिपका होता.

"चुना," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय दादा, संपलं."

तिने मला सांगितलं ते असं. मातीत शिंपल्याचा कण राहिला की भट्टीत त्याचा चुना होतो. घर भट्टीतून बाहेर येतं तेव्हा ठणठणीत दिसतं. पण आतला तो चुना हवेतलं पाणी पीत राहतो, फुगतो आणि आठवड्या-पंधरवड्याने आतून ढुशी मारतो. कधी खपली उडते, कधी अख्खा कोपरा. कोणत्या घरात कण आहे हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. आणि वैशाखातली आमची हवा तर अशी, की अंगातला शर्ट पिळून बादली भरावी. हे ऐकून मी वर पाहिलं आणि दोन पावलं मागे सरलो. तीही सरली. त्या उंचीवरून घराचा कोपरा एखाद्या पोराच्या डोक्यात पडला तर काय होईल, हे आम्हा दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

रंजिता भोईर म्हणजे विचुंब्याच्या आगऱ्याची पोर. आजोबा, वडील, आई सगळे मिठागरात राबलेले. जमीन संपादनात गेली, राहिलेल्या तुकड्यावर भावांनी स्लॅबवर स्लॅब चढवले. ही मुंबईला कलाशाळेत गेली आणि सिरॅमिक शिकून आली. घरच्यांना वाटलं, आता पोरगी कपबश्या करील, चार पैसे येतील. तिने आजतागायत एक बशी केलेली नाही. तिला वेड घरांचं. बंगल्यांचं नव्हे हो, आमच्या गावांतल्या गरजेपोटी बांधलेल्या घरांचं. भाऊ भावाशी बोलत नाही म्हणून जिना बाहेरून. सून आली म्हणून गॅलरीत मोरी. मुलगा वयात आला म्हणून गच्चीवर पुढच्या मजल्याच्या सळ्या उभ्या. ती टेप घेऊन बेलपाड्यापासून विचुंब्यापर्यंत लोकांच्या जिन्यांची मापं घेत हिंडायची. लोकांना वाटायचं, पाडायला आलेल्यांपैकी आहे. दोनदा कुत्री सोडली तिच्या अंगावर.

तिचं पहिलं मोठं काम म्हणजे दोन घरांमधली फट. घरं नव्हेत, फट. विचुंब्यात दोन भिंतींमध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढीच बोळ असते. त्या बोळींचे तिने मातीचे उंच, अरुंद ठोकळे केले आणि मुंबईत एका दालनात उभे केले. तिथे जाणकार मंडळी हनुवटीला हात लावून काय काय बोलली. सत्यवतीकाकी, म्हणजे तिची आई, आत शिरल्या शिरल्या म्हणाली, "ही तं हौसाच्या न् आपल्या घरामधली बोळ. हितून ती मना कालवणाची वाटी द्यायची." रंजिता त्या दिवशी लहान पोरीसारखी रडली. त्यानंतर ती माझ्या दुकानात आली ती गंजलेल्या सळ्या मागायला. कोऱ्या नकोत म्हणाली. मी म्हटलं, बाई, गंज चढवायचे पैसे वेगळे पडतील. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कामाचा सांगाडा माझा.

पण आतापर्यंतची तिची कामं महिनाभर दिसायची आणि मग खोक्यात जायची. भावांच्या गच्चीवर खोकी रचलेली आहेत. ही भिंत पहिली अशी, जी राहणार होती. आणि कुठे, तर जिथे तिच्या आईबापांनी मीठ ओढलं त्याच जागेवर. टॉवर प्रणित ठाकूरचा. तोही आमच्यातलाच, गावच्या शाळेत रंजिताच्या वर्गातला, वडिलांच्या जमिनीवर बिल्डर झालेला. "आपल्या गावाचं काहीतरी लाव," तो तिला म्हणाला होता, "पण चकाचक कर." गावाचं हवं म्हणून तर तिने गुजरातच्या पिशवीबंद मातीत इथली खाडीची माती मिसळली होती.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन खपल्या पडल्या. रंजिताचा पारा चढला. पिशवीची माती चोख, तिच्यात शिंपला येईल कुठून? खाडीची माती तिने स्वतः वस्त्रगाळ केलेली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग तिने माझ्यावर मोर्चा वळवला.

"तुझ्या दुकानातली धूळ बसली असेल."

"लोखंडाच्या धुळीत शिंपल्या? मी काय तिथे तिसऱ्यांचं कालवण शिजवतो?"

तिने हसायला हवं होतं, हसली नाही. रात्रभर जागीच असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचुंब्याला गेलो तेव्हा तिने घराखालच्या शेडमध्ये चाळण्या, कापडं, बादल्या सगळं अंगणात काढून ठेवलं होतं आणि एकेक वस्तू नखाने खरवडून बघत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा आत ताटं वाढत होता.

काकीने आम्हाला जेवायला बसवलं. सुक्या बोंबलाची चटणी, भात. रंजिता ताटाकडे बघतही नव्हती.

"आये, माझ्या मातीच्या पिंपाला कुणी हात लावलेला का?"

"मीच लावलेला," काकी म्हणाली. "का गं?"

"का म्हणजे? काय केलंस?"

"आपल्या चुलीची माती घातली त्यात."

हे ती इतक्या कौतुकाने बोलली, की माझा घास तोंडातच राहिला. आमच्याकडे रीत आहे. घर बदललं की नवी चूल घालताना जुन्या चुलीची माती तिच्यात कालवायची. त्याशिवाय नव्या घराला घरपण येत नाही म्हणतात. भोईरांचं कौलारू घर पाडून स्लॅबचं झालं तेव्हा ओट्यावर गॅस आला. चूल घालायची कुठे? काकीने जुनी चूल स्वतःच्या हाताने फोडली आणि ढेकळं तेलाच्या डब्यात भरून ठेवली. वर्षं गेली, डबा माळ्यावर. आणि आता लेकीने एवढं मोठं गाव मांडलेलं तिने पाहिलं.

"एवढी घरा केलीस, न् एकात पन चूल नाय," काकी म्हणाली. "मना बरा नाय वाटला. कुटून, भिजवून घातली. सगळी घातली. डबा धुवून घातला."

"गाळून घातलीस?"

"चूल कोण गाळतं?"

आणि आमच्या चुली कशाच्या? खाडीच्या चिखलाच्या, शिंपल्यांसकट लिंपलेल्या. काकीने त्या शिंपल्या कुटून बारीक केल्या होत्या, एवढंच. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

"आये," रंजिता म्हणाली, "तुझ्या चुलीने माझी भिंत फोडली."

मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. आईला सांगायची ही रीत? पण ती थांबली नाही. चुना कसा फुगतो, खपली कशी उडते, कुणाच्या डोक्यात कशी बसेल, सगळं तिने ऐकवलं. काकीचा हात भातातच थांबला होता. चूक कळलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा बघवत नाही. मी चटणीकडे बघत राहिलो.

"मंग माझी माती काढून टाक," काकी बारीक आवाजात म्हणाली.

"निघत नाही आता. घरात भाजली गेली."

"मंग घरा टाक."

एवढं बोलून ती उठली आणि मोरीवर जाऊन भांडी घासायला लागली. जेवलेली नव्हती. रंजिता मात्र जागची हलली नाही. तिने आणि मी एकाच वेळी माळ्याकडे पाहिलं. डबा धुवून घातलेला होता. त्या चुलीचं आता जगात जे काही उरलं होतं, ते त्या भिंतीवर होतं.

प्रणितला सांगावंच लागलं. तो लॉबीत येरझारा घालत ऐकत होता. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"पुढून काच लावू," तो म्हणाला.

"गाव काय काचेत ठेवायचं?"

"मग उतरव सगळं. पिशवीच्या मातीचं नवीन कर. तारीख मी पुढे ढकलतो. घरं तशीच दिसतील, कोणाला काय कळणार आहे?"

मला वाटलं, रंजिता हो म्हणते. हो म्हणाली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं.

"एक उपाय आहे," ती म्हणाली. "वीट भट्टीतून काढली की पाण्यात बुडवतात. चुना आतल्या आत विरतो, मऊ पडतो, मग ढुशी मारत नाही. आपल्याला उशीर झालाय. जी फुटायची ती पाण्यात फुटतील. पण जी टिकतील ती टिकतील."

"एवढी घरं बुडवणार कशात?"

"तुझ्या स्विमिंग पुलात."

प्रणितचा चेहरा बघण्यासारखा झाला. पूल म्हणजे त्याचा जीव. निळ्या टाइल्स, कडेने ताडाची झाडं, जाहिरातीत पहिला फोटो त्याचाच.

"रंजिता, तो पूल आहे. मिठागर नाही."

"होतं की," ती म्हणाली.

प्रणितने फोन काढून पुलाचा फिल्टर बंद करायला सांगितला आणि एकही टाइल फुटली तर तुझ्या भावांच्या गच्चीवरच्या सळ्या कापून नेईन अशी दमदाटी करून निघून गेला.

आम्ही गाव उतरवलं. तार सोड, घर काढ, टोपलीत ठेव, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर ने, पुलाच्या उथळ बाजूला तळाशी मांड. लोक देव पाण्यात ठेवतात, आम्ही अख्खं गाव ठेवलं. घरांमधून बुडबुडे यायला लागले, खिडक्यांमधून, जिन्यांखालून. मग पहिला आवाज आला. पाण्याखाली आवाज फार बसका येतो, पण अंगावर दगड बसावा तशी रंजिता दचकली. मग दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि ते तर त्याहून वाईट. पाय पाण्यात सोडून ती काठावर बसून होती. मी चहा आणला, तो निवला. "घरी जा," म्हटलं, तर म्हणाली, "घरी ती आहे." माझा तिच्यावरचा राग तिथेच विरला. ती आईवर चिडलेली नव्हतीच. आईला तोंड दाखवायची तिला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच आली. कुणी बोलावलं नव्हतं. रिक्षा करून आली, वॉचमनने अडवलं तर त्याला बाजूला सारून आली. पुलाच्या काठावर उभी राहून तिने पाण्याखालची घरं पाहिली. मग लुगड्याचा काचा वर खोचला आणि सरळ पाण्यात उतरली. गुडघाभर पाण्यात कमरेत वाकून काम करायची तिच्या अंगाला सवय होतीच. एक घर उचललं, पाणी निथळू दिलं, बोटाच्या पेराने वाजवलं, कानाशी धरलं, आणि लेकीच्या हातात दिलं. दुसरं उचललं, वाजवलं. ते बद्द बोललं. ते तिने काठावर वेगळं ठेवलं.

"राहू दे आये, मी बघते," रंजिता म्हणाली.

"तू चांगली बघ. मोडकी मी बघतंय."

एवढंच बोलणं झालं. दुपार कलेपर्यंत दोघी पाण्यात होत्या. पाव हिस्सा गाव फुटलं. कुणाचा जिना गेला, कुणाची भिंत, काही घरांचं तर निव्वळ खापर उरलं. वाचलेली आम्ही उन्हात वाळवली आणि पुन्हा टांगायला घेतली. घरं कमी पडली म्हणून रंजिताने ती जरा लांब लांब लावली. आमच्या गावात एवढ्या रुंद गल्ल्या कधी झाल्या नव्हत्या. मी तसं म्हटलंही. या वेळी ती हसली, पण हसताना वरच बघत होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्रणित आला. भिंत बघितली, चेहरा खुलला.

"छान झालंय. आता एका शब्दात सांग. पडणार नाही ना?"

"माहीत नाही," रंजिता म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. अगं बाई, नाही म्हण आणि मोकळी हो! दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं. पण ती पुढे बोलत होती. पाण्यात टिकली ती बहुतेक टिकतील. पण एक पावसाळा गेल्याशिवाय खात्री नाही. तोवर खाली सोफे नकोत, पोरं नकोत, कुणीच नको.

"म्हणजे दोर लावू? उद्घाटनाच्या दिवशी?" प्रणित म्हणाला. "अगं, लोक विचारतील दोर का. मग सोसायटीची कमिटी बसेल, आणि धोकादायक वस्तू म्हणून महिन्याभरात ही उतरवतील. तेव्हा मी काही करू शकणार नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय. दोर लाव."

अक्षय्य तृतीयेला लॉबी भरली. नव्या साड्या, परफ्यूम, पोरांची पळापळ, आणि भिंतीपुढे जाड लाल दोर. प्रणितने म्हटलं होतं तसंच झालं. लोक गावाकडे बघायच्या आधी दोराकडे बघत होते. एका गृहस्थांनी विचारलं, डेंजर आहे का काही? दुसऱ्या बाई म्हणाल्या, मग लावलंच कशाला, आमची मुलं रोज इथून जाणार. तिसरे म्हणाले, पहिल्याच मीटिंगला विषय घेऊ. रंजिता कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या कपाळावर घाम होता, एसी चालू असताना. भिंत जाणार, हे मला तिथेच कळून चुकलं.

तेवढ्यात दाराजवळ बसलेली काकी उठली. तिने केटररची एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, दोराखालून वाकून पलीकडे गेली, भिंतीच्या बरोबर मधोमध खुर्ची ठेवली आणि लोकांकडे तोंड करून बसली.

"काकी, तिथे नको!" प्रणित धावला.

"का नको?"

"वरून काहीतरी पडेल."

"पडू दे. चूल माझी हाय. पडली तं माझ्याच डोक्यावर पडंल."

सगळ्यांच्या माना वर. काकीच्या पांढऱ्या केसांवर ते अख्खं गाव लटकलेलं, आणि ती मांडीवर हात ठेवून बसलेली, जणू तिला कुणी तिथे पाहुणी म्हणून बसवलं होतं. रंजिता माणसांतून वाट काढत दोरापाशी आली.

"आये, ऊठ तिथून."

"नाय."

"आये, मी पाया पडते तुझ्या, ऊठ. खरंच पडेल गं. मला माहीत नाही, मी खोटं नाही बोलत."

"मना ठावं हाय, तू खोटा नाय बोलत," काकी म्हणाली. "म्हणून तं बसलीय. पावसाळा जाईतो रोज येऊन बसंन. यांची पोरा नको, सोफा नको. मी बसंन. काय पडला तं पयला मना कळंल."

रंजिताने दोर धरून ठेवला होता. मग ती वाकून पलीकडे गेली. आईपाशी पोचली, आणि वर बघायची तिची हिंमत होईना.

"आये, मला भीती वाटते."

"मना पन भ्याव वाटतं," काकी म्हणाली. "तरी बस."

प्रणितने दोरावरून दुसरी खुर्ची पुढे केली. रंजिताने ती घेतली, आईच्या खुर्चीला खेटून ठेवली, आणि बसली.